जपाच्या काउंटरवर चेंडू मोजणाऱ्या काकांना

ब्रिजवॉटर, न्यू जर्सी

प्रिय काका,

सादर नमस्कार.

"हे बघ, माझं नाव कुठे छापायचं नाही," असं तुम्ही बजावलं होतंत. ते पाळते आहे. पण पत्रच लिहायचं नाही, असं काही आपलं ठरलं नव्हतं. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय पावसावर किंवा गुडघ्यावर नेता. आता तुम्ही मुलीकडे टेक्सासला जाऊन बसलात, म्हणजे मध्येच तोडायला तुम्ही समोर नाही. तेवढा फायदा घेते.

आपली पहिली भेट आठवते? २०२२ चा मे महिना, शुक्रवारची रात्र. आम्ही बेसबॉलचा सामना बघायला आलोच नव्हतो, सामन्यानंतरची आतषबाजी बघायला आलो होतो. बालाजी मंदिराहून परतताना मुलाने हट्ट धरला म्हणून स्टेडियमकडे वळलो. एका हातात नाचोजचं ताट, दुसऱ्या हातात धाकटी, आणि अंधारात कुणीतरी म्हणालं, "पायरी जपून हं." वळून बघते तर संघाचा पोलो शर्ट आणि टोपी घातलेले, प्रेक्षकांना जागा दाखवणारे एक सत्तरीचे गृहस्थ. अस्सल कोल्हापुरी सूर. मी नाशिकची, पण त्या क्षणी माहेर भेटल्यासारखं वाटलं.

आमच्या ह्यांनी दुसऱ्याच डावात विचारलं, "काका, आपण जिंकतोय ना?" तुम्ही जे बघितलंत त्यांच्याकडे! म्हणालात, "अहो, ही तालीम आहे. तालमीत कोण जिंकलं ते कुणी विचारतं का?"

ते वाक्य समजायला आम्हाला आख्खा उन्हाळा लागला. आपले सॉमरसेट पेट्रियट्स म्हणजे न्यूयॉर्क यँकीज या मोठ्या संघाचा डबल-ए संघ, म्हणजे शिडीची मधली पायरी. खाली टँपा, मग हडसन व्हॅली, मग आपलं हे, वर स्क्रँटन, आणि त्याच्याही वर ब्राँक्समधलं ते मोठं मैदान. काहींची सुरुवात तर आणखी खाली, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बोका चिकाच्या अकादमीत, सोळाव्या-सतराव्या वर्षी. मोठे संघ तीस, म्हणून अशा शिड्या तीस, प्रत्येकीचे खालचे चार संघ, म्हणजे मोठ्या संघांना जोडलेले एकशेवीस संघ. २०२१ च्या आधी ते एकशेसाठ होते; चाळीसेक गावांचे संघ या शिडीवरून एका फटक्यात उतरवले गेले, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. हा कारखाना पहिल्यांदा उभा केला ब्रँच रिकी नावाच्या माणसाने, सेंट लुइसला, शंभर वर्षांपूर्वी. तयार खेळाडू विकत घ्यायला पैसे नव्हते, मग आपणच पिकवू म्हणाला. त्याच काळात आपल्याकडे शाहू महाराजांनी तालमींना राजाश्रय दिला होता, ही जोड अर्थातच तुमची. कुठलीही गोष्ट कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानापर्यंत नेल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही.

पण खरं सांगते, त्या तालमीच्या उदाहरणानेच मला खेळ कळला. एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकदा सपाटून मार खात होता आणि तरी तोच तोच चेंजअप, म्हणजे वेग काढून घेतलेला फसवा चेंडू, टाकत होता. लोक ओरडत होते. तुम्ही माझ्या खुर्चीमागे वाकून म्हणालात, "त्याला आज तोच टाकायला सांगितला असणार. वेगावर तो इथवर आला, पण वर नुसत्या वेगाला कोणी विचारत नाही. नवा डाव तालमीतच बसवायचा, आपटलो तरी चालेल. खासबागेत उतरल्यावर कुठला वेळ?" त्याच्या बाजूने तसं खरंच ठरलं होतं का, ते तुम्हाला तरी कुठे माहीत होतं! पण त्या दिवसापासून मी धावफलकाकडे कमी आणि पोरांच्या पायांकडे, खांद्यांकडे जास्त बघायला लागले. प्लेटच्या, म्हणजे बॅट्समन उभा राहतो त्या जागेच्या, मागच्या खुर्च्यांवर वेग मोजणारी रडार गन घेऊन बसलेली गंभीर माणसं म्हणजे खेळाडू हेरणारे स्काउट, हेही तुम्हीच सांगितलंत. त्यांच्या वहीत वीस ते ऐंशी असे गुण असतात आणि पन्नास म्हणजे सरासरी; मारा, ताकद, धाव, फेक, क्षेत्ररक्षण, प्रत्येकाचे वेगळे. (काकूंच्या पुरणपोळीला ह्यांनी सत्तर दिले होते. ऐंशी का नाही म्हणून काकू आठवडाभर रुसल्या होत्या.)

त्याच वर्षी अँथनी व्होल्पी आपल्याकडे होता. इथलाच, वॉचंगचा. एप्रिलपासून त्याची बॅट चालत नव्हती, तेव्हा आमच्या रांगेतले एक-दोन जण त्याला मोडीत काढून मोकळे झाले होते. तुम्ही फक्त म्हणालात, "चेंडू बघतोय नीट. येईल." पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो यँकीजचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, म्हणून उतरला आणि पहिल्याच हंगामात उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार घेऊन गेला. आणि २०२२ च्या सप्टेंबरमधली ती शेवटची रात्र! रँडी वास्केझ आणि त्याच्यानंतर आलेल्या पिचरने मिळून एरीच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, दिला नाही, आपण पंधरा-शून्यने लीग जिंकलो, एकोणीस वर्षांच्या हासोन डोमिंगेझने दोन होमरन मारले. सगळं स्टेडियम नाचत होतं आणि तुम्ही माझ्या मुलाला विचारत होतात, "होमरन राहू दे रे. त्याने सोडलेले चेंडू बघितलेस का?" सोळाव्या वर्षी ज्याच्यासाठी एक्कावन्न लाख डॉलर मोजले, त्याच्या सोडलेल्या चेंडूंचं कौतुक करणारे त्या रात्री तुम्ही एकटेच असाल. वास्केझ वर्षभराने हुआन सोटोच्या बदल्यात सान दिएगोला गेला. "होतकरू पोरं म्हणजे यांचं नाणं," तुम्ही म्हणालात, "कधी साठवतात, कधी खर्चतात."

याच्या दुसऱ्या बाजूबद्दल तुम्ही फारसं बोलायचा नाहीत. ते मला काकूंकडून कळलं. हा संघ यँकीजकडे यायच्या आधी स्वतंत्र, म्हणजे कुठल्याच मोठ्या संघाशी न जोडलेल्या, लीगमध्ये होता आणि खेळाडू गावातल्या घरांमध्ये राहायचे. दोन उन्हाळे तुमच्या बेसमेंटमध्ये एक डोमिनिकन पिचर राहिला. मोठ्या संघाने सोडून दिलेला, पुन्हा कोणी बोलावेल म्हणून फोनकडे डोळे लावून बसलेला. त्याला पहिल्यांदा साबुदाणावडा दिला तेव्हा तो खात खात म्हणाला, "हा तर युका!" आणि खरंच की, साबुदाणा त्याच कंदाचा. मग एकादशी त्याच्या जास्त लक्षात राहायला लागली. एका सकाळी मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं, आणि अर्ध्या तासात त्याची बॅग भरून दारात होती. काकू म्हणाल्या, "त्याचे मोजे दोरीवर वाळत होते. ते तसेच राहिले."

"तालमीत वस्ताद आधी खुराक बघतो," तुम्ही एकदाच चिडून बोललात. "इथे कोटीची स्वप्नं दाखवायची आणि पोरांना पाव-पीनट बटरवर ठेवायचं." २०२१ च्या आधी डबल-एमधल्या खेळाडूला आठवड्याला साडेतीनशे डॉलरपासून पगार होता, तोही फक्त हंगामापुरता. राहायची सोय २०२२ पासून क्लबांनी करायची ठरलं, त्याच सप्टेंबरात पोरांची युनियन झाली, आणि २०२३ च्या करारात डबल-एचा किमान पगार वर्षाला तीस हजार अडीचशेवर गेला. न्यू जर्सीत तेवढ्यात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. तरी तुम्ही त्या बातमीचं कात्रण खिशात घालून आला होतात.

आता ज्यासाठी हे पत्र, त्याकडे येते. टाळत होते, कारण त्यात माझीच लाज आहे.

जून २०२४. यँकीजचा पिचर गेरिट कोल दुखापतीतून सावरत होता आणि मोठ्या मैदानात परतायच्या आधी आपल्याकडे हात मोकळा करायला आला होता. आदल्या वर्षीचा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा, विजेता, बत्तीस कोटी चाळीस लाख डॉलरचा करार असलेला माणूस. तिकिटं मिळेनात. माझा तेरा वर्षांचा मुलगा डोळ्यांत प्राण आणून बघत होता. चौथ्या डावात कोलला बाहेर काढलं आणि मुलगा हिरमुसला, "एवढ्यातच? दमलाही नाहीये तो!"

तुम्ही त्याच्याकडे बघत होतात, कोलकडे नाही. तो पॉपकॉर्न डाव्या हाताने खात होता. मी आई असून मला ते दिसलं नव्हतं.

"उजवा हात दुखतो का रे? कोपराच्या आतल्या बाजूला?"

तो गप्प. मग तुम्ही मला विचारलंत, "गेल्या आठवड्यात किती चेंडू टाकले याने?"

मला सांगता येईना. त्याच्या ट्रॅव्हल टीमचे, म्हणजे गावोगावी जाऊन खेळणाऱ्या मुलांच्या संघाचे, शनिवारी दोन सामने होते, रविवारी एक. तिन्हींत तो टाकत होता, कारण तो जिंकून देत होता. प्रशिक्षक खूश, आम्ही खूश, घरी चार ट्रॉफ्या. मी तुम्हाला म्हणाले, "बघू," आणि ज्या सुरात म्हणाले तो मला अजून आठवतो. मनात आलं, तिकिटं तपासणाऱ्या माणसाने आमच्या पोराच्या कोपरात लक्ष का घालावं?

तुम्ही तो सूर ऐकलात, नक्कीच. तरी सामना संपल्यावर पार्किंगपर्यंत चालत आलात, त्या गुडघ्यांनी. रुळावरून रॅरिटन व्हॅलीची गाडी जात होती म्हणून थोडं थांबलात, मग म्हणालात, "ज्याच्यावर एवढे कोटी लावलेत, त्याचा एकेक चेंडू मोजतायत. तुझ्या पोराचे कोण मोजतंय?"

मग खिशातून ते काढलंत. जपाचं काउंटर. बोटात अडकवायचं, बटण दाबायचं, आकडा पुढे. काकूंनी नामस्मरणासाठी आणून दिलेलं, आणि तुम्ही त्यावर दोन वर्षं पिचरांचे चेंडू मोजत होतात! मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

डॉक्टरांनी सांगितलं, कोपराच्या आतल्या बाजूला हाड जिथे वाढतं तिथे सूज आहे, वेळेत आलात. सहा आठवडे फेक बंद. त्यानंतर तुम्ही तो तक्ता हाताने मराठीत लिहून आणलात. मेजर लीग (म्हणजे सगळ्यात वरची लीग) आणि यूएसए बेसबॉल या संघटनेने २०१४ मध्ये मिळून केलेले नियम आहेत ते, कुणालाही बघता येतात. तीन वर्षं खेळून आम्ही ते बघितले नव्हते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने दिवसाला फार तर पंच्याण्णव. एक्कावन्न झाले की तीन दिवस विश्रांती, सहासष्ट झाले की चार. वर्षातून किमान चार महिने फेक बंद, त्यातले दोन-तीन सलग. तक्त्याखाली तुम्ही लिहिलं होतंत, "आणि दुखलं तर शून्य."

तो प्रशिक्षक आम्हाला म्हणाला होता की अशाने पोरगं मागे पडेल. त्या उन्हाळ्यात मुलगा बाकावर बसला, चिडला, माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. तुम्ही त्याला दर शुक्रवारी प्लेटमागे बसवून वही दिलीत आणि पोरांच्या चुका नाही, बदल लिहायला लावलेत. त्याला रिंकू सिंगची गोष्टही तेव्हाच सांगितलीत. उत्तर प्रदेशातला भालाफेक करणारा मुलगा, २००८ मध्ये पिट्सबर्गच्या संघाने घेतला, बेसबॉल हातात धरायलाही येत नव्हता तिथून वेस्ट व्हर्जिनियाच्या संघापर्यंत पोचला, मग कोपर गेलं. "आणि शेवटी गेला कुठे? कुस्तीत!" म्हणून तुम्ही जे हसलात, त्यावर दोन रांगा वळून बघायला लागल्या. डब्ल्यूडब्ल्यूईला कुस्ती म्हणायचं का, यावर तुमचं आणि ह्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

काका, आम्ही टीम बदलली. तो आता कॅचिंगही, म्हणजे प्लेटमागे बसून पिचरचे चेंडू झेलणंही, शिकतो आहे. तो मोठा खेळाडू होईल असं काही नाही. तुम्हीच म्हणायचात, त्या एकशेवीस संघांतलीसुद्धा बहुतेक पोरं वर पोचत नाहीत. तो आपल्या शाळेत जीवशास्त्रात कच्चा आहे आणि सध्या त्याचीच काळजी जास्त आहे.

फ्रिस्कोला रेंजर्सचा डबल-ए संघ आहे असं कळलं. काकू म्हणतात तुम्ही तिथे जाऊन "जागा दाखवायला माणूस हवा का" विचारून आलात. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत, एवढं लक्षात ठेवा.

काउंटरची बॅटरी मध्ये संपली होती, नवी घातली. गेल्या शनिवारी पाचव्या डावात ते बोटात घालून बसले होते. दोन बाद, दोन जण बेसवर, सगळे उभे. आकडा एकसष्ट झाला. मी काही बोलायच्या आत मुलाने माझ्याकडे बघून बोटं वर केली, किती म्हणून. मी दाखवलं. त्याने चेंडू प्रशिक्षकाच्या हातात दिला आणि येऊन माझ्याशेजारी बसला.

आम्ही तो सामना हरलो. तीन दिवस विश्रांती, आज दुसरा आहे.

काकूंना नमस्कार.

तुमची,
बी विभागातली नाशिकवाली