बाजेखालची शेगडी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहिते. तू म्हणालास, "आई, हुक्क्यात तंबाखू नसते गं, नुसता फ्लेवर. आणि धूर पाण्यातून येतो." पाण्याने धूर गार होतो, घशाला बोचत नाही, म्हणून तर तुम्ही खोल झुरके घेता. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पाण्यात अडकत नाही. तो येतो चिलमीवरच्या निखाऱ्यातून. खाली तंबाखू असो की गुलकंद.

तुझ्या वेळी बाळंतपणात माझ्या बाजेखाली शेगडी असायची. आजी कितीही थंडी असली तरी खिडकीची एक फळी उघडी ठेवायची. कोळसा कोंडला की माणूस झोपेतच जातो, एवढं तिला माहीत होतं. पुढचं मला लॅबमध्ये कळलं. तोच कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि निम्मा सुटायलाच चार-पाच तास लागतात. दिवाळीत मित्राकडून आलास तेव्हा डोकं ठणकत होतं ना? वर कोविडातला ऑक्सिमीटर लावून मला ९८ दाखवलंस. ते यंत्र इथे फसतं रे. वायू धरलेलं रक्तही त्याला लालच दिसतं.

आणि तंबाखू असलीच, तर निकोटिन नाडी नि बीपी वाढवतं. म्हणजे हृदयाला काम जास्त आणि ऑक्सिजन कमी. रोज ओढणाऱ्याचं शरीर मग तांबड्या पेशी वाढवत जातं. असे लोक येतात आमच्याकडे, हिमोग्लोबिन १८ बघून खूश होतात! रक्त दाट झालंय, गुठळीची भीती वाढलीय, हे सांगितलं की चेहरा उतरतो. तासाभराच्या बैठकीत १०० सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगितलंय.

राज्यात २०१८ पासून हुक्का पार्लरवर बंदी, म्हणून तुम्ही कुणाच्या तरी फ्लॅटवर बसता. एसी चालू, खिडक्या बंद. आजीने काठीच घेतली असती.

मी सांगितलं आणि तू सोडलंस, असं होणार नाही, ठाऊक आहे. पण कुणाला भोवळ आली, मळमळलं, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. आधी त्याला मोकळ्या हवेत न्या, मग थेट दवाखान्यात. आणि कोळशाच्या धुरात बसलो होतो हे डॉक्टरांपासून लपवू नका.

बाबांना अजून काही बोललेले नाही.

तुझी,
आई