पाचवी सोडताना मुलाला भूगोल किती यावा?

संपादक महोदय,

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात भूगोल नावाचा तास नसतो. तिसरी ते पाचवी तो परिसर अभ्यासात मिसळलेला असतो आणि सहावीत स्वतंत्र पुस्तक हाती येते, तेही थेट पृथ्वीवरच्या वृत्तांपासून सुरू होणारे. मधल्या तीन वर्षांत मुलाला नेमके काय करता यायला हवे, हे मात्र शाळेशाळेला वेगळे ठरते. द्विशिक्षकी शाळेत एका गुरुजींची बदली झाली की नवे गुरुजी पुन्हा आठ दिशांपासून सुरुवात करतात. मूल तीन वर्षे दिशाच पाठ करते आणि नकाशा वाचायला शिकतच नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत आहे. अशा वेळी प्रत्येक केंद्राने, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटाने, भूगोलाबद्दल आपले एकमत एका कागदावर उतरवावे, अशी आमची मागणी आहे.

त्यासाठी वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नाही. केंद्राच्या दोन शिक्षण परिषदा, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठका, पुरतात. पहिल्या परिषदेत चर्चेआधी प्रत्येक शिक्षकाने चिठ्ठीवर तीनच वाक्ये लिहावीत: पाचवी सोडणारे मूल भूगोलातले काय करून दाखवेल? आधी चर्चा झाली तर मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात, म्हणून चिठ्ठ्या आधी. ‘जाणीव निर्माण होईल’, ‘आवड वाढेल’ अशी वाक्ये बाजूला काढावीत, कारण ती कोणत्याही मुलाला लागू पडतात आणि तपासता येत नाहीत. ‘गावाजवळच्या नाल्याचे पाणी शेवटी कोणत्या नदीतून कोणत्या समुद्रात जाते हे नकाशावर बोट फिरवून दाखवते’, असे वाक्य ठेवावे. आठाहून जास्त वाक्ये नकोत. मग कोणते वाक्य कोणत्या इयत्तेत सुरू होते आणि कुठे पक्के होते ते ठरवावे. महिनाभर आपापल्या शाळेत चार-पाच मुलांवर वाक्ये तपासून पाहावीत आणि दुसऱ्या परिषदेत कागद पक्का करावा. दोन्ही वेळा जवळच्या हायस्कुलात सहावीला भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांना बोलवावे. आपली मुले पुढे त्यांच्याच वर्गात बसतात आणि कुठे अडतात हे त्यांनाच आधी दिसते.

कागद केंद्रानेच का करावा? कारण नाल्याचे हे एकच वाक्य विदर्भात गावागणिक बदलते. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडचे पाणी पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला जाते. त्याच जिल्ह्यातल्या पैनगंगेचे पाणी वर्धेत, पुढे प्राणहितेतून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात जाते. भंडारा-गोंदियाच्या मुलांना मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव), बोडी (शेतातले छोटे तळे) आणि धानाचे बांध यांतून उतार समजतो. अकोल्याकडे खारपाणपट्ट्यातली, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातली, विहीर हा मातीचा आणि पाण्याचा धडा आहे. मेळघाटात आणि गडचिरोलीत कोरकू, गोंडी बोलणारी मुले नदी-डोंगरांची आपली नावे घेऊन वर्गात येतात. ती फळ्यावर आधी लिहावीत.

आता दिशा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आपल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि पहिल्याच पाठात काठीची सावली दाखवून ‘दुपारची सावली उत्तरेकडे’ असे सांगितले जाते. त्या दिवसांत विदर्भात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ऊन पडलेच, तर एक मीटरच्या काठीची सावली जेमतेम चार-पाच सेंटीमीटर आणि तीही दक्षिणेकडे पडते. मूल डोळ्यांनी एक बघते आणि वहीत दुसरे लिहिते. म्हणून हा प्रयोग जुलै सरेपर्यंत टाळावा. डिसेंबरात तो उत्तम जमतो. तेव्हा मध्यान्हीला एक मीटरच्या काठीची सावली जवळपास एक मीटर भरते आणि सरळ उत्तरेला पडते.

तेव्हाही घड्याळात बारा वाजता पाहून चालत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सर्वांत आखूड सावली नागपूरला सव्वाबाराच्या सुमारास पडते, बुलढाण्याला त्याहून सुमारे बारा मिनिटे उशिरा. घड्याळ नकोच असेल तर अंगणात सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ रोवावी आणि दोरी घेऊन तिच्याभोवती 1 मीटर 20 सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. सावलीचे टोक साडेदहानंतर लगेच वर्तुळाला आतल्या बाजूला ओलांडते आणि पावणेदोनच्या सुमारास बाहेर पडते. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. काठी तिरपी असली किंवा अंगण उताराचे असले की रेषा चुकते, म्हणून आधी ओळंबा आणि मग वर्तुळ. ही रेषा चुन्याने किंवा ऑइलपेंटने कायम करून ठेवावी. मोबाइलचे होकायंत्र तिच्याशी ताडून पाहता येते, पण ते लोखंडी पंप आणि टिनाच्या पत्र्यांपासून दूर धरावे.

या रेषेवर महाराष्ट्राचा नकाशा जमिनीवर पसरावा, उत्तर उत्तरेला करून. भिंतीवरच्या नकाशाने मुलांना उत्तर म्हणजे ‘वर’ आणि दक्षिण म्हणजे ‘खाली’ असे वाटू लागते. मग नदी उत्तरेकडे कशी वाहील, असा प्रश्न पडतो. पूर्व दिशेच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशात तर ‘पूर्व’ दक्षिणेकडे जाते. नकाशा आधी जमिनीवर, मगच भिंतीवर, एवढा एक नियम केंद्रातल्या सगळ्या शाळांनी पाळला तरी बराच गोंधळ टळेल.

नकाशा काढण्याची चढण अशी असावी. तिसरीत पेला, डबा, खडूची पेटी कागदावर ठेवून भोवती रेघ मारायची, म्हणजे ‘वरून दिसणे’ कळते. हा टप्पा गाळला की मुले वर्गाच्या नकाशात दार-खिडक्या समोरून दिसतात तशा उभ्या काढतात. मग चौकटीच्या वहीत वर्ग: 6 बाय 5 मीटरची खोली, 1 सेंटीमीटरला 50 सेंटीमीटर, म्हणजे 12 बाय 10 सेंटीमीटर. चौथीत गावठाण, नाला आणि पांदण रस्ते, 1 सेंटीमीटरला 50 मीटर. अंतर पावलांनी मोजायचे, पण प्रत्येक मुलाने आधी दोरीने मोजलेल्या 20 मीटरवर आपली पावले मोजावीत. एकाचे पाऊल दुसऱ्याला लावले की नाला शाळेच्या पलीकडे सरकतो. तलाठ्याकडचा गाव नकाशा शेवटी ताडून पाहायला घ्यावा, आधी दाखवला तर मुले तोच उतरवतात. पाचवीत भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा, ज्यात 1 सेंटीमीटर म्हणजे 500 मीटर. शिवारफेरी दिवाळीनंतरच काढावी. पावसाळ्यात नाले भरलेले असतात.

पर्जन्यमापकाचे थोडक्यात. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्यावी, वरचा भाग कापून उलटा बसवावा, तळ खडे आणि पाण्याने सरळ भागापर्यंत भरून तिथे शून्य मानावा. तळाचा फुगवटा तसाच ठेवला की पहिले काही मिलिमीटर चुकतात. बाटली विटांमध्ये पक्की बसवून झाड किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावी. सोमवारची नोंद ‘रविवारसह’ म्हणून लिहावी, दोन दिवसांत वाटू नये.

या कामाला लागणारे सामान दोरी, काठी, ओळंबा, खडू, चुना, रिकामी बाटली, नकाशे आणि चौकटीच्या वह्या एवढेच आहे. पृथ्वीगोल बहुतेक शाळांत आहे, तो कपाटाबाहेर काढून टेबलावर ठेवावा. कागद पक्का झाल्यावर त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत घालावी आणि शाळा व्यवस्थापन समितीलाही द्यावी, म्हणजे बदली होऊन आलेल्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी तो मिळेल. केंद्रप्रमुखांनी पहिली परिषद ऑगस्टमध्ये आणि दुसरी सप्टेंबरमध्ये घेतली, तर डिसेंबरची सावली याच वर्षी साधता येईल.

आपले,
परिसर अभ्यास शिकवणारे काही प्राथमिक शिक्षक,
ग्रामीण विदर्भ