तांबट आळीतल्या काकांस

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. भर कामाच्या वेळी चांगला तास-दीड तास खाल्ला तुमचा, आणि निघताना साधं नाव विचारायचं सुचलं नाही. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. कसब्यातलं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

ओळख पटावी म्हणून सांगते. शाळेसाठी पुण्यातल्या आळ्यांची नावं वहीत उतरवत फिरणारी ती डावखुरी मुलगी आठवते का? तिच्यामागे फोन रोखून चालणारी आई म्हणजे मी. कसबा गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही निघालो होतो. कुंभारवाडा झाला, शिंपी आळी झाली. (शिंपी आळीत एकही शिंपी दिसला नाही म्हणून बाईसाहेब फुगल्याही होत्या.) तांबट आळीचा पत्ता मात्र विचारावा लागला नाही. ठोक्यांच्या आवाजामागे चालत गेलो आणि तुमच्या दारात येऊन थांबलो.

मी लेकीला आधीच ऐटीत सांगून ठेवलं होतं की पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी, आणि इथे अजून सगळं हातानंच घडतं. तुम्ही हातोडी न थांबवता म्हणालात, "सगळं नाही हो ताई. पत्रा कारखान्यातून येतो, लोट्याचा आकार मशीनवर निघतो. आमच्या हाताला उरलंय ते मठारकाम, हे हातोडीचे ठोके."

पहिले आभार या वाक्याचे. आमच्यासारख्या हौशी मंडळींना हवं ते ऐकवून वाटेला लावणं तुम्हाला सहज जमलं असतं. लेकीनं वहीतलं 'सगळं हाताने' खोडलं. मी फोन पर्समध्ये टाकला.

मठारकाम म्हणजे भांड्यावरची नक्षी, असं मी इतकी वर्षं समजत होते. तुम्ही न ठोकलेला लोटा लेकीच्या हातात दिलात आणि म्हणालात, दाब. तिच्या अंगठ्यानं तो किंचित आत गेला. मग ठोकलेला दिलात, तो हलेना. प्रत्येक ठोक्यानं पत्रा आवळतो, ताठ होतो. तळापासून गोल गोल वर चढत जाणाऱ्या ओळी, प्रत्येक ठोका शेजारच्यावर जरासा चढलेला, आणि डोळ्यांना दिसतो तो उजेडाचा खेळ वरकमाई. फार ठोकलं तर तांबं कडक होऊन तडकतं, म्हणून मधूनमधून भट्टीत लाल करायचं. ते तसंच पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं, पोलादासारखं कडक होत नाही, हे ऐकून मी तुमच्याकडे संशयानं पाहिलं होतं. घरी येऊन खात्री केली. माफ करा.

आणि मग तुम्ही हातोडी तिच्या हातात दिलीत. ती डावखुरी आहे हे मी सांगायच्या आत तुम्ही पाहिलंत, पाट उचलून पलीकडे टाकलात आणि लोटा उलट्या अंगानं ऐरणीवर धरलात. तिला शाळेत अजून कुणी बाक असा फिरवून दिलेला नाही. "जोर लावू नको, हातोडीला पडू दे," एवढंच शिकवलंत. पहिले चार ठोके सरळ बसले. पाचवा घसरला. माझा जीव वरखाली, कारण लोटा गिऱ्हाइकाचा असेल असं वाटलं. तुम्ही विचारलंत, "काढू का राहू दे?" ती म्हणाली, "राहू दे." तोच लोटा आम्ही विकत घेतला. तुम्ही 'बिघडलेला माल' म्हणून पैसे कमी करत होतात, त्यावरून आपली थोडी वादावादी झाली, ती मी जिंकले.

घरी दुसऱ्याच दिवशी त्यावर बोटांचे काळपट डाग पडले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चिंच-मीठ लावून ती तो स्वतः घासते. जेवायचं ताट मात्र अजून उचलत नाही.

एक कामाचं राहिलं. माझ्या सासूबाईंचं तांब्याचं मोठं पातेलं माळ्यावर पडून आहे. आतली कलई पार उडाली आहे, त्यामुळे आमटी, ताक असलं आंबट काही त्यात ठेवता येत नाही. दिवाळीआधी घेऊन येते. कलईवाल्याचं तुम्ही म्हणालात तेवढं बघून ठेवा. शनिवारच बरा पडेल, लेकीला सुट्टी असते आणि तिला यायचंच आहे.

आपली,
डावखुऱ्या मुलीची आई