स्पेक्ट्रम पुण्याला येतोय

प्रिय आई-बाबा,

बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा. माळ्यावरचा आपला जुना कॉम्प्युटर, स्पेक्ट्रम, त्याचा टेपरेकॉर्डर आणि कॅसेटचा पत्र्याचा डबा, सगळं रविवारी दादा घेऊन जाणारे, माझं त्याच्याशी बोलणं झालंय. भंगारात नाही हो, माझ्याकडे.

रागावू नका ना. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही तुम्ही स्टुलावर चढून तो खोका काढता हे कळल्यापासून मला धड झोप नाहीये (आईला बोलू नका, मीच खोदून विचारलं). आणि त्या मशीनसाठीपण हेच बरंय. डोंबिवलीच्या पावसात कॅसेटला बुरशी धरते, आणि कीबोर्डखालचा तो प्लास्टिकचा पातळ मेम्ब्रेन इतक्या वर्षांत कडक होऊन तडकतोच, म्हणून अर्धी बटणं दाबली जात नाहीत, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. नवे मेम्ब्रेन अजून बनतात, मी मागवलाय. आणि तोवर बाजारातला कुठलाही नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावून बघू नका प्लीज! स्पेक्ट्रमच्या पिनेत मधे मायनस असतो, हल्लीच्या बहुतेकांत मधे प्लस, उलटं लागलं की बोर्ड गेला.

कॅसेट एकही पुसणार नाही. सगळ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवणारे, शेवटी कॅसेटवरचा प्रोग्राम म्हणजे आवाजच ना, मोबाइलवरून वाजवून वायर स्पेक्ट्रमच्या मागच्या 'इअर' लिहिलेल्या भोकात घातली तरी लोड होतो. कव्हरवर तुमच्या निळ्या शाईतलं 'पाढे ०४७', 'घरखर्च ११२' अजून स्पष्ट वाचता येतं, टेपच्या काउंटरचे आकडे.

पाढ्यांचा तो प्रोग्राम तुम्ही ऑफिसातून आल्यावर बसून बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होतात माझ्यासाठी. 'J'चं एकच बटण दाबलं की 'LOAD' हा अख्खा शब्द उमटायचा याचंच मला केवढं अप्रूप! मग तो एकसुरी लांब सूर, मग खरखर, आणि आई तेवढा वेळ मिक्सर लावायची नाही, चटणी थांबायची. स्क्रीनच्या बॉर्डरवर आधी लाल-आकाशी आणि नंतर निळे-पिवळे पट्टे पळतात असं तुम्ही सांगायचात, आणि आपल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर सगळे करडेच, तरी मला ते रंगीत दिसायचे बाबा, खरंच. ४८ के मेमरीत तुम्ही मला जेवढं शिकवलंत तेवढं पुढे कुठल्या कॉलेजात नाही मिळालं, आज मी जे काम करते त्याची सुरुवात तिथलीच.

गणपती झाले की दोघं या, चांगले महिनाभर राहा. खिडकीपाशी टेबल लावलंय, पाठीला टेकू असलेली खुर्ची आणलीये, स्पेक्ट्रम तिथेच मांडणार आणि पहिली कॅसेट तुम्हीच लावायची, तोपर्यंत मी हात लावणार नाही. लिफ्ट आहे, कमोड आहे, गरम पाणी चोवीस तास, आई, तुला खाली बसावं लागणार नाही आणि बाग समोरच आहे. दूधवाला साडेसहाला येतो, म्हणजे बाबांचा चहा वेळेवर.

आता ऐका. रविवारी खोका दादाच काढेल, तुम्ही नुसतं खाली उभं राहून सांगायचं. आई, ते स्टूल शेजारच्या काकूंना देऊन टाक, आजच. बीपीची गोळी जेवण झाल्यावर लगेच, आणि घेतली की मला मेसेज.

तुमची,
चिमी