गोळीचं माप आणि मेण

गिरगाव, मुंबई

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. पत्र पोचलं, फोटोही नीट दिसले. वहिनींच्या गुडघ्याचं वाचून बरं वाटलं. आता मूळ विषयावर येतो, कारण त्या फोटोंवरून मला राहवत नाहीये.

तू लिहितोस की ठासणीच्या, म्हणजे तोंडातून भरायच्या, एन्फील्ड बंदुकीसाठी घरी ओतलेल्या गोळ्या कागदी लक्ष्यावर आडव्या लागतात, भोकं लांबट पडतात. आणि धातू तर तू मुद्दाम 'भारी' घेतलास, बंद पडलेल्या छापखान्यातला, अक्षरांच्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राचा. सुधीर, सगळी गोम त्या धातूतच आहे. माझा निम्मा जन्म खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, संगतीत गेला, तेव्हा या धातूबद्दल मी खात्रीनं बोलू शकतो. लायनोटाइपच्या धातूत शंभर भागांत साधारण चार भाग कथील, बारा भाग अँटिमनी आणि उरलेलं शिसं. अँटिमनीनं धातू कडक होतो आणि निवताना फारसा आकसत नाही, म्हणून अक्षराची कड धारदार उठते. छपाईला हाच गुण हवा असतो. कडकपणाच्या ब्रिनेल मापात शुद्ध शिसं पाचच्या आसपास येतं आणि लायनोटाइप बावीसच्या आसपास, म्हणजे चौपट कडक.

तुझ्या बंदुकीला मात्र मऊपणा हवा. ती गोळी बुडाशी पोकळ असते. दारू पेटली की वायूच्या दाबानं त्या पोकळीची पातळ कड बाहेर फुगते आणि नळीच्या आत कोरलेल्या वळणदार चऱ्यांत जाऊन बसते. मग गोळी फिरत बाहेर पडते. क्लोद मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्यानं १८४९ च्या सुमारास जे जमवलं ते हेच. गोळी आत जाताना सैल आणि बाहेर येताना घट्ट. लायनोटाइपची कड फुगतच नाही. गोळी चऱ्यांना न धरता घसरत येते, बाजूनं वायू निसटतो, आणि नीट न फिरलेली गोळी आडवी होते. तेव्हा ठासणीसाठी नुसतं मऊ शिसं घे. तो छापखान्याचा धातू तुझ्या दुसऱ्या, काडतुसाच्या रायफलीच्या गोळ्यांसाठी जपून ठेव, तिथं थोडा थोडा मिसळून तो सोन्यासारखा उपयोगी पडेल.

मापाचंही असंच उलटसुलट आहे. तू दोन्ही बंदुकींना एकच नियम लावू पाहतोयस. मागून भरायच्या रायफलीत गोळी चऱ्यांच्या तळापर्यंतच्या व्यासापेक्षा एक-दोन हजारांश इंच मोठी ठेवतात, म्हणजे ती पहिल्यापासून नळी बंद करते. ठासणीच्या नळीत तोंडातून गोळी घालायची, म्हणून ती नळीच्या व्यासापेक्षा एक-दोन हजारांश लहान हवी. छापील आकड्यावर विसंबू नकोस. मऊ शिशाचा गोळा नळीतून हलकेच दाबून पार काढ आणि तो मायक्रोमीटरनं मोज. ते तुझ्या नळीचं खरं माप. मग त्या मापाची डाय, म्हणजे नेमक्या भोकाचा पोलादी साचा, घे आणि प्रत्येक गोळी तिच्यातून दाबून काढ. आमच्याकडे खिळ्याची उंची ०.९१८ इंचाची असे. एखादा खिळा किंचित उंच राहिला तर कागद फाटे, बुटका राहिला तर अक्षर उठत नसे. तुझ्या गोळीलाही तीच शिस्त लाव.

आता वंगण. तू वापरतोस ती अॅलॉक्स (खनिज तेलापासूनचं वंगण) आणि मेणाची निम्मी-निम्मी कांडी अमेरिकेत नावाजलेली आहे, पण ती बिनधुराच्या दारूसाठी. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. त्या काजळीत खनिज तेलाचं वंगण मिसळलं की डांबरासारखा थर होतो आणि चौथी-पाचवी गोळी गजानं ठोकूनही उतरत नाही. काळ्या दारूला मेण आणि प्राण्याची चरबी किंवा वनस्पती तेल हवं. ते काजळी मऊ ठेवतं.

हे लिहिता लिहिता मी ज्याच्याजवळ आलो ते तुला कळलंच असेल. मेण, चरबी, एन्फील्ड. सुधीर, तू शनिवारी अंगणात बसून जो प्रश्न सोडवतोयस, तोच १८५७ चा प्रश्न आहे. आपल्याला शाळेत एका ओळीत सांगितलं, काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी होती, शिपाई बिथरले. पण चरबी मुळात लावायची कशाला, हे कुणी सांगितलं नाही.

१८५३ च्या एन्फील्डची नळी ०.५७७ इंचाची आणि तिच्यासाठी ठरलेली प्रिचेट गोळी ०.५६८ इंचाची, ५३० ग्रेन वजनाची. दोन्हींत फरक नऊ हजारांशांचा, आणि त्यात गोळीभोवतीचा कागदही मावायला हवा. इतक्या फटीतून ती काजळलेल्या नळीत उतरवायची तर वंगण हवंच. आता खरी गंमत बघ. अमेरिकेत बर्टन नावाच्या शस्त्रकारागिरानं सुधारलेल्या मिनिए गोळीच्या अंगावर खाचा होत्या आणि वंगण त्या खाचांत भरत. प्रिचेट गोळी गुळगुळीत, तिला खाचच नाही. म्हणून वंगण लावलं ते गोळीवर गुंडाळलेल्या कागदावर, बाहेरून. शिपायाच्या बोटांना लागेल, डोळ्यांना दिसेल, नाकाला वास येईल अशा जागी! दातांनी तोडायचं टोक दुसरं, दारूच्या बाजूचं, हे खरं. पण पुडीत एकमेकांना घासून बसलेल्या काडतुसांची चरबी कोणत्या टोकाला लागली आणि कोणत्या नाही, याची हमी कोण देणार होतं? आणि तोंडात धरायचं टोक कोरडं असलं तरी बोटं तीच.

त्या मिश्रणात चरबी जास्त आणि मेण थोडं असे. चरबी कोणत्या प्राण्याची, यावर काडतुसं बनवताना कुणाचं लक्ष नव्हतं. बंगालच्या फौजेतल्या कर्नल टकरनं १८५३ मध्येच धोक्याची सूचना दिली होती. ती तशीच पडून राहिली. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला बोभाटा झाला, तेव्हा त्याच महिन्याच्या अखेरीस बिनवंगणाची काडतुसं द्यावीत आणि शिपायांनी स्वतःच्या पसंतीचं वंगण लावावं असा हुकूम निघाला. पुढे दातांऐवजी हातानं फाडायची कवायतही आली. पण तोवर शंका नव्या चकचकीत कागदावरच जाऊन बसली होती. एकदा विश्वास उडाल्यावर हुकूम काय करणार?

मला अस्वस्थ करतं ते पुढचं. चरबीपेक्षा मेण या कामाला जास्त बरं, हे नंतर लष्करानंच मान्य केलं. चरबी उन्हानं वितळून कागदात मुरते. मधमाशीचं मेण वितळायला बासष्ट-चौसष्ट अंश सेल्सिअस लागतात, म्हणून ते हिंदुस्थानातल्या उन्हाळ्यातही जागेवर राहतं. वंगणात मेण वाढत गेलं आणि शेवटी नुसतं मेणच राहिलं. १८५९ च्या सुमारास गोळीही ०.५५० इंचांवर आणली, म्हणजे ती सहज उतरू लागली. लहान गोळी आणि नुसतं मेण. गाय नाही, डुक्कर नाही. शिपाई आपल्या धर्मासाठी जे मागत होते, तेच बंदुकीलाही मानवणारं निघालं, पण किती माणसं गेल्यावर! शिपायांना अडाणी आणि अंधश्रद्धाळू म्हणणारी वाक्यं अजून वाचायला मिळतात, तेव्हा मला चीड येते. त्यांची शंका रास्त होती आणि ज्यांच्याकडे तिचं उत्तर असायला हवं होतं, त्यांच्याकडेच ते नव्हतं.

आपल्या मुंबईतही त्या उठावाची झळ पोचली होती, हे इथं रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. १५ ऑक्टोबर १८५७ ला एस्प्लनेडवर, आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या फौजेतल्या दोघांना तोफेच्या तोंडी दिलं. मी चर्चगेटहून पायी येतो तेव्हा तिथं मुलांचे क्रिकेटचे सामने चालू असतात. मी थोडा थांबतो आणि मगच पुढे जातो.

असो. कामाचं बोलू. धातू वितळवायचं भांडं स्वयंपाकाच्या भांड्यांत कधीही मिसळू देऊ नकोस. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर तो क्षणात वाफ होऊन धातू उडवतो, म्हणून ओला साचा किंवा ओला तुकडा आत टाकायचा नाही. आमच्या ओतकामवाल्यांना गूळ खायला देत, पण गुळानं शिसं उतरत नाही. हात धुवावे लागतात, कपडे वेगळे ठेवावे लागतात आणि हवा खेळती लागते. ओतताना तिथं काही खाऊ-पिऊ नकोस. तुझा नातू बोटं तोंडात घालण्याच्या वयाचा आहे. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही, तेव्हा त्या शेडला कुलूप लाव आणि वरची मळी उघड्यावर टाकू नकोस.

तू गमतीनं विचारलंस की मीही इथं ओतून बघू का. नाही रे. आपल्याकडे दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि मला तर खिळे आठवणंच पुरेसं आहे.

मऊ शिशाच्या नव्या गोळ्या ओतल्यास की प्रत्येकीचं डायआधीचं आणि नंतरचं माप लिहून ठेव, वजनाच्या तफावतीसकट. कोणत्या मिश्रणावर किती गोळ्या न पुसता उतरल्या तेही. एकदा निम्मं मेण आणि निम्मी चरबी घे, एकदा जवळजवळ नुसतं मेण, आणि भर उन्हाळ्यात दोन्ही करून बघ. तुमच्याकडेही जुलै तापतोच. डिसेंबरात इकडे येशील तेव्हा ते टिपण आण, फोटो आण. गोळी मात्र आणू नकोस, आठवण म्हणूनही एकही नको. सामानात सापडली तर विमानतळावरून तुला सोडवायला मलाच यावं लागेल.

वहिनींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुझा,
मोहन