सोन्याच्या मागच्या पायांबद्दल

सोलापूर
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय मंगल,

तुझं पत्र परवा मिळालं. तुझा लॅब्रेडॉर कुत्रा सोन्या जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबतो आणि तुझ्याकडे नुसता बघत राहतो, हे वाचून पोटात कालवलं गं. आमचा बंड्याही असाच बघायचा. म्हणून गड्ड्याच्या जत्रेला जायचं सोडून लिहायला बसले.

सांध्यांच्या पावडरीचा डबा मागवू का, असं विचारलंयस; पण त्याआधी सोन्याचं वजन कर. बंड्याला आम्ही ओळखीच्या भुसार दुकानात नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं केलं होतं. भरला 41 किलो! डॉक्टर म्हणाले, "याच्या हाडापेराला 33 पुरे. आठ किलोचं ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन रोज चालतोय तो." ते वाक्य ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

काटा मिळेपर्यंत हात आहेच. स्वतःचा पंजा पालथा ठेवून त्यावरून बोटं फिरव. सोन्याच्या बरगड्या तशाच हाताला लागायला हव्यात. तळहातावरून फिरवल्यासारखं मऊ मऊ लागलं, तर अंगावर चरबी आहे असं समज.

आमच्याकडे चरबी आली कुठून, तर सासूबाईंच्या मायेतून. सकाळी तूप लावलेला भाकरीचा चतकोर, चारला बिस्किटं, रात्री ताटातलं उरलेलं. त्यांना कसं सांगू, हाच प्रश्न होता. डॉक्टरांनीच त्यांना समजावलं. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर पिल्लांच्या भावंडांच्या जोड्या लावून, एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं, जन्मभर. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. 2002 साली ते छापून आलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून चतकोराऐवजी काकडीचे काप द्यायला लागल्या. लॅब्रेडॉरची भूक खोटी नसते हेही तेव्हाच कळलं. साधारण चारातल्या एकाच्या जनुकातच बदल असतो, त्यामुळे त्याला दोन जेवणांच्या मधेही भूक लागत राहते. म्हणून सोन्या मागतो तेव्हा त्याच्यावर रागावू नकोस. फक्त देऊ नकोस.

आठ किलो उतरायला आम्हाला आठ महिने लागले. घाई करायची नाही, उपाशी तर ठेवायचंच नाही.

आता डब्याचं. त्या पावडरीत असतं ते ग्लुकोसामाइन, त्याबद्दल अभ्यासांचा कौल एकसारखा नाही. काहींना थोडा गुण येतो, काहींना काहीच नाही. दोन-तीन महिने देऊन बघ, फरक दिसला नाही तर पैसे वाचव. माशाच्या तेलाचा आधार त्याहून पक्का आहे, त्यातल्या ओमेगा-3 ने सांध्यांची सूज कमी होते. मी आधी हौसेनं जवस कुटून घालत होते, आपल्याकडे घरात असतंच की. पण जवसातलं ओमेगा-3 हव्या त्या रूपात बदलणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही. कॉड लिव्हर तेल मात्र आणू नकोस, त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व जास्त झालं तर बाधतं. मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घे, जास्त तेलानं जुलाब होतात आणि वजनही वाढतं. शेंगाचटणीची भाकरी तर मुळीच नको, त्यातला लसूण कुत्र्यांना घातक, कांदाही तसाच.

एक चूक सांगते, तू करू नयेस म्हणून. एका रात्री बंड्या कण्हत होता. औषधाच्या दुकानात विचारलं, तर माझ्याच गुडघ्याची गोळी अर्धी द्या म्हणाले. मी दिली. दुसऱ्या दिवशी उलट्या, आणि शी डांबरासारखी काळी. पोटात रक्तस्राव झाला होता. चार दिवस सलाइनवर होता माझा बंड्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला सोसत नाहीत. कुत्र्यांसाठीच्या वेगळ्या गोळ्या असतात, त्या डॉक्टर तपासून देतात. आणि एक्स-रे काढून घेच. दुखणं खुब्याच्या सांध्याचं आहे की गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय, हे बाहेरून आपल्याला कळत नाही.

घरात गुळगुळीत फरशी असेल तर त्याच्या वाटेवर जुन्या चादरी टाक, खाली रबरी मॅट घालून, नाहीतर चादरीच घसरतात. बंड्या आता त्याच पट्ट्यावरून दारापर्यंत येतो. थंडीत सकाळी पहिली दहा पावलं आखडून टाकतो, मग सैल होतो. पहाटे कंबर तलावापर्यंत सावकाश जाऊन येतो आम्ही.

सोन्याचं वजन किती भरलं ते लगेच कळव. एक्स-रे काढलास की त्याचा फोटोही पाठव, आमच्या डॉक्टरांना दाखवते.

तुझीच,
शैला