बेरीज बरोबर, जनरेटर चुकीचा: क्षमतेच्या हिशेबाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: घरासाठी अपुऱ्या क्षमतेचा जनरेटर सुचवून विकल्याबद्दल आणि तो बदलून मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या कंपनीचा सिंगल फेज पेट्रोल जनरेटर घेऊन आम्हाला चार महिने झाले. या चार महिन्यांत त्याने आमची पाण्याची मोटर एकदाही उचललेली नाही. मशीन बिघडलेलं आहे असं माझं म्हणणं नाही, हे आधीच स्पष्ट करतो. दुसऱ्या दोरीला सुरू होतं, धूर करत नाही, दिवे आणि पंखे तासन्‌तास चालवतं. माझी तक्रार आहे ती हे मशीन आमच्या घरासाठी निवडणाऱ्या हिशेबाबद्दल. हेल्पलाइनवर तीन वेळा हे सांगून पाहिलं. दर वेळी पलीकडून एकच प्रश्न, "सर, जनरेटर सुरू होतोय ना?" हो म्हटलं की पाच मिनिटांत तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज. म्हणून आता लेखी.

खरेदीच्या आधी तुमचे विक्री प्रतिनिधी घरी आले होते. मला केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत) आणि किलोवॅट (त्यातली प्रत्यक्ष कामाला येणारी वीज) यांतला फरकही तेव्हा ठाऊक नव्हता, आणि तसं मी त्यांना सांगितलंही होतं. त्यांनी खिशातून पॅड काढलं आणि पाण्याची मोटर १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, एसी १७००, फ्रिज १५०, चार पंखे ३००, दहा एलईडी ९०, टीव्ही १००, वॉशिंग मशीन ४०० असं लिहून खाली रेघ मारली. एकूण ३४८६ वॅट. "साडेतीन किलोवॅट. तुम्हाला साडेपाचचं देतो, दोन किलोवॅट शिल्लकच राहतील." तो कागद मी जपून ठेवला आहे, प्रत सोबत जोडतो. बेरीज अगदी बरोबर आहे. चूक बेरजेत नाही, काय मिळवलं त्यात आहे.

पहिल्याच ओळीपासून पाहा. ७४६ वॅट ही मोटरने दांड्यावर द्यायची ताकद झाली. ती द्यायला मोटर विजेकडून जास्त घेते, कारण काही भाग उष्णतेत जातो. आमच्या वायरमनने लाइनच्या विजेवर मोजलं तेव्हा ही १ एचपीची मोटर साधारण ११५० वॅट ओढत होती. म्हणजे एकूण लोड ३४८६ नव्हे, ३८९० वॅट.

आता ते "साडेपाच". जनरेटरच्या टाकीवर वीतभर अक्षरांत ५.५ केव्हीए असं छापलं आहे. मागच्या बाजूला, सायलेन्सरच्या जाळीमागे, तळहाताएवढी पाटी आहे. ती वाचायला मला गुडघ्यावर बसून मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. तिथे लिहिलं आहे: कमाल ५.५ केव्हीए, सतत ५.० केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.८. पॉवर फॅक्टर म्हणजे केव्हीएतला किलोवॅटमध्ये उतरणारा हिस्सा. पाचाला शून्य पूर्णांक आठने गुणलं की होतात ४ किलोवॅट. सतत चालवायला हातात एवढेच. टाकीवरचा आकडा थोड्या वेळापुरता, तोही केव्हीएमध्ये, आणि तुमच्या प्रतिनिधींनी तो सरळ किलोवॅट म्हणून माझ्या लोडशेजारी मांडला. ४ किलोवॅटच्या मशीनवर ३.८९ किलोवॅटचा लोड, म्हणजे ९७ टक्के. ते "शिल्लक दोन किलोवॅट" कुठे गेले?

शिवाय आमचं घर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. प्रतिनिधी चढ चढून धापा टाकतच आले होते, त्यामुळे हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं वाटत नाही. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला ढोबळमानाने साडेतीन टक्क्यांनी घटते. ९०० मीटरला झाले दहा टक्के. म्हणजे ४ चे राहिले ३.६. मोटर उचलण्याचा मुद्दा यायच्या आधीच, नुसता चालता लोड मशीनच्या वर गेला.

आणि खरं घोडं अडलं आहे ते मोटर उचलण्यापाशीच.

थांबलेली मोटर सुरू होताना क्षणभर चालत्या करंटच्या पाच ते सात पट करंट ओढते, हे तुमच्या खात्यातल्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला विचारलं तर तो सांगेल. आमची मोटर चालताना ६.७ अँपिअर घेते. सुरू होतानाचा झटका पकडणारा क्लॅम्प मीटर वायरमनने कुठून तरी मागून आणला आणि लाइनच्या विजेवर बटण दाबलं, तर आकडा आला ३४. एसी जुन्या पद्धतीचा आहे, इन्व्हर्टर नाही. त्याचा कॉम्प्रेसर ७.८ वर चालतो आणि सुरू होताना ४० घेतो. तुमचा जनरेटर २३० व्होल्टला सतत देऊ शकतो जेमतेम २२ अँपिअर. एसी चालू, फ्रिज-पंखे-दिवे मिळून आणखी साडेतीन, आणि त्यावर मोटरचं बटण दाबलं: ढोबळ बेरीज पंचेचाळीसच्या वर. साधारण १० केव्हीए, भले सेकंदभरच. त्या पॅडवर ७४६ लिहिताना हा सेकंद कुणी मोजलाच नाही.

तो सेकंद आमच्या घरात कसा दिसतो, तेही सांगतो. बटण दाबलं की जनरेटरचा आवाज एकदम जड होतो, घशात काही अडकल्यासारखा. दिवे पिवळट होतात, पंखे मंदावतात. मोटर फिरत नाही, नुसती घुमते. मीटरवर २३० चे १५८ व्होल्ट होतात. आणि इथेच मेख आहे. मोटरची सुरुवातीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलते. व्होल्टेज ६९ टक्क्यांवर आलं की ताकद निम्म्याहून खाली जाते. म्हणजे मोटरला जास्तीत जास्त जोर हवा तेव्हाच तिला सर्वांत कमी मिळतो. ती उचलत नाही, म्हणून झटक्याचा करंट ओढतच राहते, म्हणून व्होल्टेज वर येत नाही. सात-आठ सेकंदांनी स्टार्टर ट्रिप होतो. या खेळात पॅनेलमधला एक कंडेन्सर फुगून गेला, तो मी पदरचे पैसे घालून बदलला. एसी बंद ठेवून, फ्रिजची पिन काढून, एकटी मोटर लावूनही हेच. कारण एकटीचेच ३४ अँपिअर म्हणजे ७.८ केव्हीए होतात.

पहिल्या तक्रारीनंतर तुमचा तंत्रज्ञ आला. त्याने आधी वायरला दोष दिला, "लांब आहे, व्होल्टेज पडणारच." वायर १२ मीटर आहे, तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची. ३४ अँपिअरला तिच्यात चारेक व्होल्ट पडतील, सत्तर नाही. (ती एवढी लांब आहे कारण तुमच्या माणसांनी जनरेटर झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली मांडला होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे त्यांना मी सांगावं लागलं आणि मशीन लांब हलवून घेतलं. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

मग त्याने स्क्रूड्रायव्हर काढला आणि गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग राखणाऱ्या भागाचा, स्क्रू पिळून रेस वाढवली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! या जनरेटरमध्ये एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा भाग) नाही, कपॅसिटरवर चालणारा अल्टरनेटर आहे. त्यात वेग वाढला की व्होल्टेजही वाढतं, त्याला आवर घालणारं कुणी नसतं. मोटर तरीही उचलली नाहीच. तो "आता बघा, होईल" म्हणून निघून गेला. रात्री फक्त दिवे, पंखे आणि फ्रिज चालू असताना यूपीएस सारखा टिकटिक करू लागला, जनरेटरची वीज घेईना. मीटर लावला तर ५५ हर्ट्झ आणि २६८ व्होल्ट. ५५ हर्ट्झ म्हणजे इंजिन मिनिटाला ३३०० फेरे मारत होतं, जिथे ५० हर्ट्झसाठी ३००० हवेत. बिनलोड ५२ हर्ट्झच्या आसपास ठेवलं तर लोड आल्यावर ते ५० वर टेकतं, एवढं तुमच्याच पुस्तिकेत आहे. यूपीएस शहाणा, त्याने ती वीज नाकारली. फ्रिजला तशी सोय नव्हती. सकाळी फ्रिजचा दिवा लागत होता, कॉम्प्रेसर मेलेला. मेकॅनिकने मागचं झाकण काढून पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) दाखवला, एका कोपऱ्यात काळा डाग आणि जळका वास. तो अहवालही सोबत आहे.

यावर तुमचं लेखी उत्तर आलं ते असं की, ग्राहकाने क्षमतेपेक्षा जास्त लोड टाकल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. जो लोड तुमच्या प्रतिनिधींनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि "दोन किलोवॅट शिल्लक राहतील" म्हणून पास केला, तोच लोड आता माझा गुन्हा? यूपीएस सोडला तर त्या यादीबाहेरची एकही वस्तू मी लावलेली नाही. इस्त्री आणि गीझर आम्ही जनरेटरवर कधीच चालवले नाहीत, यादीतही ते मुद्दाम घेतले नव्हते. दोन्हींतलं एकच काही तरी खरं असू शकतं: एक तर हा लोड मशीनला झेपणारा आहे, मग मोटर का उचलत नाही, नाही तर तो जास्त आहे, मग मशीन सुचवलं कुणी.

त्याच उत्तरात उपाय म्हणून २५ केव्हीएचा तीन फेजचा डिझेल सेट सुचवला आहे, फरक भरून. म्हणजे आधी बूट दोन नंबर लहान दिला, आता चार नंबर मोठा. आमच्या घरात जोडणी सिंगल फेज आहे. तीन फेजच्या सेटमध्ये एका फेजच्या वाट्याला येणार एक तृतीयांश, ८.३ केव्हीए. सगळं घर एकाच फेजवर टाकलं तर तेवढंच मिळणार, आणि तिन्हींवर वाटायचं तर घराचं वायरिंग उकलावं लागेल. याबद्दल उत्तरात एक शब्द नाही. शिवाय २५ केव्हीए म्हणजे २० किलोवॅट. आमचा सगळा लोड एकदम चालू असला तरी तो त्याच्या वीस टक्क्यांपाशी घुटमळेल, आणि रात्री तर ५०० वॅट. डिझेल इंजिन तीस टक्क्यांखाली दिवसेंदिवस चालवलं की ते पुरेसं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं चिकट तेल ओघळू लागतं. मोठं मशीन घेतलं की काळजी मिटली, हा समज ग्राहकाचा असू शकतो. जनरेटर विकणाऱ्या कंपनीचा असू नये.

मी स्वतः अभियंता नाही. तरी वायरमनला सोबत घेऊन दोन संध्याकाळी बसून हिशेब केला, तो इथे देतो. एसीला सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावला तर त्याचा ४० चा झटका अर्ध्याखाली, समजा १८ वर येतो. तो खर्च मी करायला तयार आहे. मग नियम एवढाच पाळायचा की आधी मोटर सुरू करायची, ती पकडली की एसी. मोटरचे एकटीचे ३४ अँपिअर. त्यानंतर चालती मोटर ६.७, बाकी घर ३.५ आणि एसीचा झटका १८, मिळून २८ च्या आसपास, म्हणजे साडेसहा केव्हीए. एव्हीआर असलेला ७.५ केव्हीएचा सिंगल फेज जनरेटर हे उचलेल. मोटरच्या क्षणाला दिवे थोडे मिचकावतील, तेवढं चालेल. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर त्याचे ६ किलोवॅट होतात, उंचीचे दहा टक्के वजा केले तर ५.४. आमचा ३.८९ चा लोड त्याच्या ७२ टक्क्यांवर बसतो. तुमच्या यादीत असं मॉडेल आहे, मी पाहिलं आहे. पहिल्या भेटीत कुणी मोटरच्या पाटीकडे दोन मिनिटं पाहिलं असतं तर तेच घरी आलं असतं.

तेव्हा माझं मागणं असं. सध्याचा जनरेटर पूर्ण खरेदी किमतीला परत घेऊन वर सांगितलेलं ७.५ केव्हीएचं मॉडेल द्यावं. दोन मॉडेलांच्या किमतीतला रास्त फरक मी भरेन, घसारा कापलेला मात्र चालणार नाही, कारण चार महिने तो मी वापरला नाही, सोसला आहे. फ्रिजच्या पीसीबीचा आणि मोटरच्या कंडेन्सरचा खर्च कंपनीने द्यावा. नवीन मशीन आधी आमच्या घरी, आमच्याच मोटरवर चालवून दाखवावं आणि त्यानंतरच पावतीवर सही घ्यावी. आणि "जास्त लोड टाकला" हा शेरा माझ्या नोंदीतून काढून तसं लेखी कळवावं.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर हेच पत्र, त्या पॅडच्या कागदासह, ग्राहक आयोगाकडे देणार आहे.

माणूस पाठवण्याआधी फोन करावा. त्याच्याकडे झटक्याचा करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर असावा. नसेल तर आमच्या वायरमनला मी पुन्हा बोलावून ठेवतो. गव्हर्नरच्या स्क्रूला आता रंगाची खूण करून ठेवली आहे, त्याला हात लावू नये.

आपला,
एक ग्राहक

सोबत: प्रतिनिधींच्या हिशेबाच्या कागदाची प्रत, जनरेटरच्या मागच्या पाटीचा फोटो, मीटरवरच्या आकड्यांचे चार फोटो, फ्रिज मेकॅनिकचा अहवाल, कंडेन्सरची पावती, कंपनीच्या लेखी उत्तराची प्रत